आठ पानांचे कार्यमापन

जुलैमधील एका मंगळवारी सायंकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी माझी नात राजनंदिनी गृहपाठाच्या वहीवर गाल टेकून झोपी गेली. सून प्रेरणा हिने तिला हलवून उठवले, तेव्हा त्या गालावर सातचा पाढा अठ्ठावीसपर्यंत उलटा उमटलेला होता. ‘‘आई, अजून किती पानं?’’ असे तिने डोळे न उघडता विचारले. ‘‘तीन,’’ प्रेरणा म्हणाली. त्यावर मुलीने पेन्सिल उचलली आणि डोळे मिटलेल्या अवस्थेतच ती पस्तीस लिहू लागली. पस्तीस बरोबर आले, हे मला अधिक भयंकर वाटले.

राजनंदिनी सात वर्षांची असून दुसरीत शिकते. शाळा खाजगी आहे. तिचे नाव मी येथे देत नाही. शाळेने माझे नाव कोठे छापले, ते पुढे येईलच. परंतु निदान एका बाजूने तरी सभ्यता पाळली जावी. जूनमध्ये शाळा उघडल्यापासून ही मुलगी एकदाही खाली गल्लीत खेळायला गेलेली नव्हती. सिडकोतील आमच्या रो-हाऊसच्या गल्लीत एरवी सहा वाजता लंगडीचा असा दंगा असे, की मला दूरदर्शनवरील बातम्या केवळ वाचाव्या लागत. यंदा सहा वाजता गल्लीत फक्त दोन कुत्री आणि मी.

‘‘आबा, आज खाली जायला मिळेल?’’ हे ती मला रोज विचारी. त्या मंगळवारी मी तिला शब्द दिला, की महिन्याच्या आत तुझी संध्याकाळ तुला परत मिळवून देतो. शब्द देताना मी घड्याळाकडे पाहिले नाही. माझ्या आयुष्यात असे क्वचितच घडले आहे.

माझी पात्रता थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मी शासकीय तंत्रनिकेतनाचा यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक असून वाळूजच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे कार्यमापन विभागात होतो. कामगाराच्या शेजारी स्टॉपवॉच घेऊन उभे राहायचे, एका नगास किती वेळ लागतो ते टिपायचे आणि त्यावरून कामाची प्रमाणवेळ ठरवायची, असे ते शास्त्र आहे. गृहपाठ हेदेखील कामच होय. तेव्हा तावातावाने शाळेत जाऊन भांडण्यापेक्षा आधी मोजमाप करावे आणि आकडे समोर ठेवावेत, असे मी ठरवले. आकड्यांपुढे कोणाचे काही चालत नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती.

सलग नऊ दिवस मी नातीच्या टेबलाशेजारी पॅड आणि स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. बसून मोजमाप करू नये, असा आमच्या विभागाचा दंडक होता. कामाचे मी सतरा घटक पाडले. गृहपाठ काय आहे हे पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर शोधणे, त्यावर इतर पालकांनी केलेली चर्चा वाचणे, पेन्सिलीला टोक करणे, खोडरबर हरवणे, खोडरबर सापडणे, मुलीने लिहिलेले आईने खोडणे, ते पुन्हा लिहिणे, पाणी पिणे, पाणी प्यायल्याचा परिणाम, आणि असेच पुढे. रडणे हा घटक सरासरी अकरा मिनिटांचा निघाला. तो मी ‘अपरिहार्य विलंब’ या सदराखाली दाखवला.

‘‘पोरगी रडायली आणि तुम्ही घड्याळ बघायले?’’ असे आमच्या सौभाग्यवती सत्यभामा यांनी सहाव्या दिवशी विचारले.

‘‘रडणे कधी थांबते ते पाहणे आवश्यक असते.’’

‘‘जवळ घेतलं की थांबतं. त्याला घड्याळ लागत नाही.’’

शास्त्रीय कामात कुटुंबीयांचा असा हस्तक्षेप नेहमीच होतो. मी ती नोंद ‘निरीक्षणात व्यत्यय, दोन मिनिटे’ अशी केली.

नळाला पाणी येण्याचा दिवस मध्येच आला. त्या दिवशी सर्व घर मोटार, पाइप आणि पिंपे यांच्या मागे धावत असल्याने कोणी खोडले नाही, कोणी पुन्हा लिहायला लावले नाही, आणि गृहपाठ तासाभरात आटोपला. तो दिवस अपवादात्मक समजून मी सरासरीतून वगळला. आज वाटते, की खरे निरीक्षण तेवढेच होते.

उरलेल्या आठ दिवसांचा निष्कर्ष पुढीलप्रमाणे: रोजचा गृहपाठ आठ पाने, मुलगी टेबलाशी अडकून पडते ते सरासरी दोन तास छत्तीस मिनिटे, त्यांपैकी प्रत्यक्ष लेखन एकेचाळीस मिनिटे. याचा रंगीत आलेख मी स्वतः काढला. लेखन हिरव्या रंगात, उरलेली नासाडी तांबड्या रंगात. तो इतका सुबक झाला होता, की चौकट करून लावावा असे क्षणभर वाटून गेले.

आलेख घेऊन मी शेजारी रहीमभाईंकडे गेलो. त्यांचे औरंगपुऱ्यात चष्म्यांचे दुकान आहे आणि त्यांची नात अरफा आमच्या राजनंदिनीच्याच वर्गात आहे. मी गेलो तेव्हा ते जमिनीवर मांडी घालून थर्माकोलचे पोस्ट ऑफिस तयार करीत होते. तोंडात दोन टाचण्या होत्या.

‘‘अरफाचा प्रकल्प?’’ मी विचारले.

‘‘अरफाचा कुठला, आप्पासाहेब, माझाच!’’ टाचण्या काढून ते म्हणाले. ‘‘मागच्या महिन्यात फायर ब्रिगेड केलं. ‘बी’ दिला मॅडमनी. शिडी उघडत नाही म्हणे! चाळीस साल झाले, मी लोकांच्या नाकाचं माप घेतोय, आजपर्यंत कुणी ‘बी’ दिला नाही. तुम्ही जा शाळेत. सही मी करतो. उर्दूत करू का मराठीत?’’

समोरच्या सुरेखाबाईंचे मत मात्र वेगळे पडले. त्यांचा सत्यम त्याच वर्गात असून शाळेखेरीज दोन शिकवण्यांना जातो. ‘‘कमी?’’ त्यांनी असा प्रश्न केला, की मी जणू काही त्यांच्या घराचा नळ तोडायला आलो होतो. ‘‘आमच्या सत्यमला तर पुरतच नाही, आप्पासाहेब! पाच वाजता सगळं संपवून बसतो आणि मग माझं डोकं खातो. फी भरतो आपण. गृहपाठच नाही दिला तर शाळा चालू आहे की बंद, हे तरी कसं कळायचं?’’ मी आलेख गुंडाळून परत आलो.

आता शाळा. पूर्वी शाळेत तक्रार करायची असल्यास पालक थेट वर्गात शिरत. आता त्यासाठी अ‍ॅप आहे. अ‍ॅपमध्ये तक्रारीचे प्रकार चार: वाहन, गणवेश, डबा आणि इतर. ‘इतर’साठी अडीचशे अक्षरांची मर्यादा होती; माझा अहवाल चौदा पानांचा. म्हणून मी स्वतः गेलो, तर फाटकावरील रखवालदाराने संगणकात पाहून सांगितले, की मी पालक नाही.

‘‘मी आजोबा आहे,’’ मी म्हणालो.

‘‘तसं नाय इथं. इथं तुम्ही ‘आपत्कालीन संपर्क, तीन’ हायेत.’’

‘‘आणि दोन कोण?’’

‘‘रहीमभाई म्हणून कुणी आहेत.’’

हा धक्का पचवण्यास मला फाटकाजवळील कठड्यावर बसावे लागले. माझ्या सख्ख्या मुलाने, सोमनाथने, प्रवेशाच्या वेळी अर्ज भरला होता. सायंकाळी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘आबा, तुम्ही फोन सायलेंटवर ठेवता. ते पहिल्या रिंगला उचलतात.’’ यावर वाद घालता येईना, कारण ते मोजून पाहण्यासारखे होते आणि निष्कर्ष मला ठाऊक होता. अखेर सोमनाथच्या सहीचे अधिकारपत्र घेऊन तिसऱ्या खेपेस मला प्राचार्याबाईंची भेट मिळाली.

बाई अत्यंत सुसंस्कृत. त्यांनी चौदाही पाने वाचली. इतक्या लक्षपूर्वक माझा अहवाल कारखान्यातही कोणी वाचला नव्हता. आलेखावर त्यांनी बोट ठेवले आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘‘सर, हे फारच सुंदर आहे. म्हणजे प्रत्यक्ष लेखन फक्त एकेचाळीस मिनिटांचं?’’

‘‘होय! आणि मुलगी अडकून पडते दोन तास छत्तीस मिनिटे!’’ मी विजयी स्वरात म्हणालो.

‘‘एवढा वेळ वाया जातो, याची आम्हाला कल्पनाच नव्हती. आम्ही तातडीने उपाय करतो.’’

मी तरंगत घरी आलो. राजनंदिनीला सांगितले, की लंगडीचा सराव सुरू कर.

चौथ्या दिवशी परिपत्रक आले. मी ते उभ्याने वाचण्यास प्रारंभ केला आणि बसून संपवले. ‘आपल्या शाळेचे तज्ज्ञ पालक श्री. आप्पासाहेब यांनी केलेल्या शास्त्रीय अभ्यासातून असे सिद्ध झाले आहे, की मुले गृहपाठास बसतात त्या वेळेपैकी तीन चतुर्थांश भाग वाया जातो. सबब या वेळेचा सदुपयोग व्हावा म्हणून गृहपाठ आठ पानांवरून चौदा पाने करण्यात येत आहे. पेन्सिलींना टोक आधीच करून ठेवावे. खोडरबर दोऱ्याने गळ्यात बांधावा. पाणी बसण्यापूर्वी प्यावे.’ खाली माझा रंगीत आलेख छापला होता. रंग मूळ आलेखापेक्षाही चांगले उठले होते.

चौदा पाने! मी तो आकडा तीनदा वाचला. घरात कोणी आवाज चढवला नाही. तसे झाले असते तर बरे. प्रेरणाने फक्त खोडरबराला दोरा बांधला आणि तो माझ्यासमोर राजनंदिनीच्या गळ्यात घातला. सत्यभामा यांनी तीन दिवस माझ्याशी जे काही बोलायचे ते भाजीवाल्याला उद्देशून बोलून घेतले. रहीमभाई कुंपणापाशी आले. ‘‘अरे आप्पा, ये क्या कर दिया? पोस्ट ऑफिस तर होतंच, आता वर रेल्वे स्टेशन सांगितलंय. सिग्नलसकट!’’ आणि सुरेखाबाईंनी वाटीभर शिरा पाठवला. अभिनंदनाचा. तो शिरा मी पुढे सरकवला. सत्यभामा यांनी तो संपवला, हे नमूद करतो.

‘‘आबा, आज खाली जायला मिळेल?’’ हा प्रश्न विचारणेच राजनंदिनीने सोडले. एकतीस वर्षांत कामगार संघटनेच्या तीन मोर्च्यांनी मला जे झाले नव्हते, ते या न विचारलेल्या प्रश्नाने झाले.

मी पुन्हा शाळेत गेलो. या वेळी माझ्याजवळ शाळेचीच नियमपुस्तिका होती. तिच्या एकोणिसाव्या पानावर स्पष्ट छापले होते, की दुसरीपर्यंतचा गृहपाठ पाऊण तासापेक्षा अधिक नसावा. प्राचार्याबाईंनी ते पान वाचले आणि मोठ्या मनाने मान्य केले.

‘‘अगदी बरोबर, सर. पाऊण तास म्हणजे पाऊण तास. आता तुमच्याच अहवालाप्रमाणे आठ पानांना एकेचाळीस मिनिटं. म्हणजे एका पानाला साधारण पाच. पंचेचाळीस भागिले पाच.’’ त्यांनी क्षणभर वर पाहिले. ‘‘नऊ पानं.’’

आठ पानांच्या विरोधात निघालेला मी, न्याय मिळवून, नऊ पानांवर पोहोचलो होतो. माझा भागाकार चुकलेला नव्हता. तेच दुःख होते.

मी कसाबसा म्हणालो, की घरातील मोजमाप एकाच मुलीचे होते, नमुना अपुरा होता, फेरमोजणी आवश्यक आहे. बाई सहर्ष तयार झाल्या. शनिवारी शाळेच्या सभागृहात एकाच व्हॅनने येणारी वर्गातील बारा मुले बसतील, एक पान लिहितील, मी वेळ घेईन. एका पानास जी प्रमाणवेळ ठरेल तिने पाऊण तासास भागायचे. येईल तो गृहपाठ वर्षभर कायम. ‘‘मग मात्र पुन्हा बदल नाही, सर,’’ त्या म्हणाल्या.

मी बाहेर पडलो. मुले पाच मिनिटांतच पान लिहिणार, हे मला ठाऊक होते. फाटकाशी पिवळी स्कूल व्हॅन उभी होती आणि तिच्या चालकाने मला पाहून हातातील तंबाखू टाकून दिली.

‘‘साहेब? वळखलं का? कडुबा. वाळूजला कॅपस्टन लेथ मशीनवर होतो, दुसऱ्या पाळीत.’’

मी ओळखले. उत्तम कामगार होता. मी त्याला सारी हकीकत सांगितली. कोणालातरी सांगणे आवश्यकच होते. त्याने ती ऐकली, गालातल्या गालात हसला आणि मग फार आदराने म्हणाला, ‘‘साहेब, राग नका धरू. तुमचं मोजणं ब्येस व्हतं. पण लेकराईनं इमानदारीनं लिवलं, तिथंच समदं बिघडलं.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तुम्ही घड्याळ घिऊन हुबे राहिले, की आम्ही काय करायचो? हळू करायचो. एक डाव मशीनचा चक साफ करायचा. तेल बघायचं. नग वर धरून उजेडात न्याहाळायचा. तुम्ही त्या बुशच्या एका नगाला साडेचार मिनिटं लिवली होती, याद हाय?’’

मला आठवत होते. चार मिनिटे बत्तीस सेकंद. त्याची चौकट करून विभागात लावली होती.

‘‘लई तर पावणेदोन लागायचे,’’ कडुबा म्हणाला. ‘‘उरलेल्या टायमात आम्ही च्या प्यायचो. तुमच्या किरपेनं लई निवांत गेले दिवस, साहेब.’’

मी व्हॅनचा दरवाजा धरला. एकतीस वर्षे! सहाशेहून अधिक प्रमाणवेळा! माझ्या निवृत्तीच्या समारंभात या कामगारांनी मला खांद्यावर का घेतले होते, ते मला त्या क्षणी, व्हॅनच्या दरवाजाला धरून, प्रथमच उमगले. मी समजत होतो, की ते माझ्या काटेकोरपणामुळे.

‘‘ही बाराही लेकरं माझ्याच गाडीत हायेत,’’ कडुबा रस्त्याकडे पाहत म्हणाला. ‘‘घरून शाळा पंचवीस मिनिटं. शनिवारपस्तोर चार दिस. तुम्ही घरला जा, साहेब. तुम्ही काय ऐकलं नाय.’’

मी काहीही ऐकले नाही. मी घरी गेलो.

शनिवारी सभागृहात बारा मुले ओळीने बसली. प्राचार्याबाई पहिल्या खुर्चीवर होत्या. मी शिट्टी दिली आणि स्टॉपवॉच दाबले.

राजनंदिनीने प्रथम वही सरळ केली. मग तिरकी केली. मग पुन्हा सरळ केली. अरफाने हात वर करून अदबीने विचारले, की समास निळ्या पेन्सिलीने आखायचा की काळ्या. आणि उत्तर मिळाल्यावर तिने निळी पेन्सिल शोधण्यास प्रारंभ केला. तिसऱ्या ओळीतील एका मुलाने खोडरबर नाकाजवळ नेऊन दीर्घकाळ तपासला. मला सर्वाधिक धक्का बसला तो सत्यमचा. पाच वाजता सर्व संपवणारा हा मुलगा पेन्सिलीचे टोक कागदावर ठेवी, ते मोडे, तो खिन्नपणे त्याकडे पाही आणि टोकयंत्र मागण्यासाठी उठे. असे चार वेळा झाले. चौथ्या वेळी परतताना त्याने पेन्सिल वर धरून उजेडात न्याहाळली. ती नजर मी ओळखत होतो. ती कॅपस्टन लेथवरची होती.

बारा मुलांची सरासरी एका पानास एकवीस मिनिटे चाळीस सेकंद आली.

आता येथे एक तांत्रिक बाब सांगितली पाहिजे. कार्यमापनाच्या तक्त्यात शेवटचा रकाना ‘रेटिंग’चा असतो. माणूस खरोखर त्याच्या नेहमीच्या गतीने काम करीत होता का, हे निरीक्षकाने नजरेने ठरवायचे. नेहमीची गती म्हणजे शंभर, आणि मुद्दाम रेंगाळत असेल तर पन्नास, तीस, जे दिसेल ते. त्या प्रमाणात वेळ कापायची. या रकान्यासाठीच तज्ज्ञ लागतो. बाकीचे काम घड्याळ करते.

‘‘सर,’’ प्राचार्याबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, ‘‘मुलं जरा सावकाश लिहीत होती असं नाही ना वाटत? तुमची अनुभवी नजर काय म्हणते?’’

माझ्या अनुभवी नजरेसमोर बारा मुले मांडीवर हात ठेवून बसली होती. बाराही चेहरे असे निरागस, की मी कारखान्यात असतो तर तत्काळ चौकशी लावली असती. राजनंदिनी माझ्याकडे पाहत नव्हती. ती छताकडे पाहत होती. खरे रेटिंग पंचवीस होते. याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. माझ्या अभिमानाची एकच गोष्ट होती: कसल्याही दडपणाखाली, व्यवस्थापकाच्या शिफारशीवरून, कोणाच्या ओळखीने मी त्या रकान्यात कधी खोटा आकडा घातला नव्हता. मला फसवले गेले असेल. मी फसवले नव्हते.

मी रकान्यात शंभर लिहिले. खाली सही केली. सही थोडी वाकडी आली.

‘‘सामान्य गती,’’ मी म्हणालो.

थकव्यासाठीची नियमानुसार सूट धरून एका पानास बावीस मिनिटे ठरली. पाऊण तासात दोन पाने. बाईंनी भागाकार दोनदा करून पाहिला; मग शब्दाला जागल्या. सोमवारच्या परिपत्रकात गृहपाठ दोन पाने, असे आले. सुरेखाबाईंनी या वेळी काही पाठवले नाही. ‘‘आता ह्याला दिवसभर सांभाळायचं कुणी?’’ असे त्या माझ्या फाटकाकडे तोंड करून दूधवाल्याला विचारत होत्या. रहीमभाईंनी मात्र अर्धवट झालेले रेल्वे स्टेशन स्वतःसाठी पूर्ण करायचे ठरवले आहे. सिग्नल त्यांना फार चांगला जमला आहे.

त्या सोमवारी पावणेसहाला राजनंदिनी टेबलाशी बसली. सवयीने मी शेजारी उभा राहिलो. दोन पाने तिने नऊ मिनिटे दहा सेकंदांत संपवली, वही मिटली आणि दाराशी जाऊन चपला पायांत सरकवू लागली. खालून अरफाची हाक आली. दिवाणखान्यात सोमनाथ, प्रेरणा आणि सत्यभामा असे तिघेही रिकाम्या हातांनी बसून एकमेकांकडे पाहत होते. एवढ्या उजेडी काय करतात, हे कोणालाच आठवेना.

‘‘आबा,’’ दार उघडत राजनंदिनी माझ्या हातातील स्टॉपवॉचकडे पाहून समजुतीच्या सुरात म्हणाली, ‘‘मोजायचं असेल ना, तर आधी सांगत जा. न सांगता मोजलं की मग आम्ही पटकन लिहून टाकतो.’’

आणि ती एका पायावर जिना उतरत गेली.